सोळा आण्यांचे गाव

रायपूर शहराच्या उत्तरेस, बीरगावला लागून असलेल्या उरल्याचे नाव आज छत्तीसगडमध्ये गाव म्हणून फारसे घेतले जात नाही. उरला म्हटले की पोलादाच्या रोलिंग मिल, मालमोटारींच्या रांगा आणि धुरकट आभाळ हेच डोळ्यांपुढे येते. तेथील औद्योगिक भूखंड कारखानदाराच्या मालकीचे नसतात. राज्याचे औद्योगिक विकास निगम ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देते. भोसल्यांच्या अमदानीत सरकार आणि गावचा प्रमुख यांच्यामधील वसुलीच्या ठरावाच्या कागदालाही पट्टाच म्हणत. मधल्या काळात जमीन कोणाची या प्रश्नाचे उत्तर किमान तीन वेळा बदलले, आणि प्रत्येक वेळी त्या बदलाने आपला एक कागद मागे ठेवला. छत्तीसगडातील घराण्यांचा इतिहास बव्हंशी या कागदांवर उभा आहे. तो किती पक्का आहे, आणि त्या कागदांत कोणाला जागाच मिळाली नाही, हे पाहण्याजोगे आहे.

रायपूर, बिलासपूर, दुर्ग, रतनपूर या परिसरात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत रुमालात बांधलेले जुने दप्तर असते. त्यात मोडी लिपीतील काही फर्दे, काही हिंदी नकला, एखादा बंदोबस्ताचा उतारा आणि वाळवी लागलेली वाटणीपत्रे सापडतात. दप्तराबरोबर एक वाक्यही पिढ्यानुपिढ्या चालत आलेले असते: ‘आमचे गाव भोसल्यांनी दिलेले.’ ते सांगणारे खोटे बोलत नसतात. परंतु या एका वाक्यात दोन निरनिराळे काळ आणि दोन निरनिराळे हक्क एकमेकांत असे मिसळून गेलेले असतात की ते वेगळे केल्यावाचून त्या घराण्याचा इतिहास लिहिताच येत नाही.

जमिनीच्या खतांवरून कुलवृत्तांत रचण्याची विद्या अमेरिकेत विशेष वाढली आणि तिची कारणे व्यावहारिक आहेत. तेथील शिरगणतीत १८५० पूर्वी कुटुंबप्रमुखाखेरीज कोणाचेही नाव लिहिले जात नसे. बायको, मुले, जावई यांचा माग काढायचा तर कौंटीच्या कचेरीतील खरेदीखतांच्या नोंदवह्या उघडाव्या लागतात. नवरा जमीन विकतो तेव्हा बायकोला बाजूला घेऊन तिची वेगळी संमती विचारल्याची नोंद असते, आणि तेवढ्या एका ओळीमुळे तिचे नाव शिल्लक राहते. पाच भावंडे एकाच दिवशी आपापला हिस्सा विकतात, त्यावरून बाप वारल्याचे कळते. बाप मुलाला ‘प्रेम व ममता’ या मोबदल्यात शेत देतो. सीमा सांगताना पांढऱ्या ओकपासून ओढ्यापर्यंत, ओढ्याच्या काठाने अमक्याच्या कुंपणापर्यंत, असे वर्णन येते. ओक पडला की दावा उभा राहतो. केंटकीच्या सरहद्दीवर वाट पाडणारा म्हणून ज्याची कीर्ती झाली त्या डॅनियल बूनला आपल्या जमिनी अशाच सदोष दाव्यांपायी गमवाव्या लागल्या. पुढे १७८५ च्या अध्यादेशाने ओहायोपलीकडील मुलूख सहा मैल चौरसांत, आणि प्रत्येक चौरस ३६ खंडांत कापण्याचे ठरले. सरहद्द ही त्यानंतर झाडांनी नव्हे, मोजणीच्या साखळीने लिहिली जाऊ लागली.

या नोंदवह्यांत एक गोष्ट मात्र फार तुटपुंजी आहे. रिचर्ड हेंडरसनने १७७५ मध्ये चेरोकी प्रमुखांकडून केंटकीचा विस्तीर्ण प्रदेश विकत घेतल्याचा करार केला. व्हर्जिनियाने तो १७७८ मध्ये रद्द ठरवला, कारण मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्याचा अधिकार खाजगी माणसाला नाही, असे तिचे म्हणणे होते. त्यानंतर बहुतेक खतांची मालिका सरकारी सनदेपासून सुरू होते. त्याआधी त्या जमिनीवर कोण राहत होते हे खत विचारत नाही. अमेरिकेतील घराणी आपली मुळे शोधताना या पहिल्या पानापाशी येऊन थांबतात. छत्तीसगडातील दप्तरांची गोष्टही फार वेगळी नाही, कारण मराठ्यांच्या दृष्टीने छत्तीसगड ही त्यांच्या राज्याची पूर्वेकडील सरहद्दच होती.

भास्करराम कोल्हटकरांची फौज १७४१ मध्ये रतनपूरवर आली, तेव्हा तेथे हैहयवंशी राजांची सत्ता शतकानुशतके चालत आलेली होती. शिवनाथ नदीच्या एका बाजूस रतनपूरचे अठरा आणि दुसऱ्या बाजूस रायपूरचे अठरा, असे मिळून छत्तीस गड. या रचनेचा सर्वांत काळजीपूर्वक अभ्यास सी. यू. विल्स या अधिकाऱ्याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. गडाखाली बारा-बारा गावांचे गट आणि गावात गौंटिया, अशी ती उतरंड त्याने मांडली. त्यापूर्वी चिझमने १८६८ च्या बिलासपूर बंदोबस्त अहवालात कल्याणसाय राजाच्या काळची मानली जाणारी एक जमाबंदीची वही वापरली होती. वसुलीचे आकडे त्या वहीत होते. शेतांचे मालक तीत नव्हते, आणि नव्हते यात नवल नाही.

रायपूर शाखेचा शेवटचा राजा अमरसिंह. त्याला १७५० च्या सुमारास मराठ्यांनी लढाईवाचून बाजूला सारले आणि सात हजार रुपये वार्षिक खंडणीवर राजिम, पाटण व रायपूर हे परगणे त्याच्याकडे ठेवले. तो १७५३ मध्ये वारला. काही वर्षांनी त्याचा मुलगा शिवराजसिंह याला महासमुंदकडील बडगाव आणि आसपासची थोडी गावे करमुक्त मिळाली, आणि त्याखेरीज एक विलक्षण हक्क मिळाला: रायपूर मुलखातील प्रत्येक गावामागे एक रुपया. राज्य गेले, गड गेले, परंतु गावोगावचा हा एक रुपया या कुळाकडे येत राहिला. त्या रुपयाला जमीन नव्हती, चतुःसीमा नव्हती. ती एकेकाळच्या राजेपणाची पावती होती. ब्रिटिश देखरेखीच्या काळात, १८२२ मध्ये, हा हक्क काढून घेऊन त्याबदली करमुक्त जमीन देण्यात आली. हिशेबाच्या सोयीसाठी केलेली ही अदलाबदल वरवर क्षुल्लक दिसते. पण मुलूखभर पसरलेला, माणसांच्या स्मरणावर चालणारा हक्क एका जागी गोळा करून त्याला शिवार देणे, हे पुढील पन्नास वर्षांत सगळ्याच छत्तीसगडात जे घडायचे होते त्याचे पहिले उदाहरण होय.

बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ मध्ये वारले. नागपूरकर भोसल्यांपैकी छत्तीसगडात घर केलेला हा एकच राजपुरुष. रतनपूरच्या रामटेकडीवरील मंदिर त्यांनी बांधले, मराठी कारकून, शास्त्री, शिलेदार त्यांच्याबरोबर आले, आणि या मुलखात मोडी लिपी कचेरीची लिपी झाली. रायपुरातील तात्यापारा या मोहल्ल्याचे नाव मराठी कानाला आजही आपले वाटते. त्यांच्यामागे सुभ्यांचा अंमल सुरू झाला. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने गडांची रचना मोडून सत्तावीस परगणे पाडले; परगण्यावर कमाविसदार, त्याच्या जोडीला फडणवीस आणि वसुलीचा हिशेब मांडणारा बरारपांडे. सुभा नागपूरला जेवढी रक्कम भरण्याचे कबूल करी तिच्यावरची कमाई त्याची. या काळाबद्दल मराठी इतिहासलेखनात जरा जास्तच हळवेपणा आढळतो. वास्तविक १७८७ ते १८१८ हा काळ रयतेला सुखाचा नव्हता. १८१८ नंतर कर्नल अ‍ॅग्न्यू याने सुभ्याचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि परगण्यांची संख्या आठांवर आणली. त्याचा १८२० चा अहवाल या दुरवस्थेचा साक्षीदार आहे. अर्थात विजेत्याने आधीच्या अमलाविषयी लिहिलेले वाचताना जी सावधगिरी लागते ती येथेही हवीच.

मराठी मुलखातून आलेल्या माणसाच्या मनात जमिनीविषयी एक घट्ट कल्पना होती. ती म्हणजे वतन. देशावर पाटीलकी, कुलकर्ण, मिरास हे वंशपरंपरेने चालणारे, विकता, वाटता व गहाण टाकता येणारे हक्क होते. त्यांसाठी माणसे पिढ्यान्पिढ्या भांडली, दिव्ये केली, देशोधडीस लागली. या कल्पनेने एक भाषाही घडवली होती. इनामपत्राचे मराठी गद्य हे जुन्या मराठीतील सर्वांत कसदार गद्यांपैकी एक आहे, याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेपसहित’ या एका समासात शिवारातील दिसणारे आणि पुरलेले सगळे येते. ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ म्हणताना आजचे आणि उद्याचे कर एका श्वासात माफ होतात. ‘दरसाल ताजे सनदेचा उजूर न करणे’ ही कारकुनाला दिलेली तंबी, आणि शेवटी प्रत ठेवून अस्सल पत्र भोगवट्यासाठी परत देण्याची आज्ञा. या शेवटच्या आज्ञेमुळेच कागद सरकारात न राहता घरात राहिला, रुमालात बांधला गेला, आणि १८९८ पासून राजवाड्यांनी साधनांचे खंड काढायला घेतले तेव्हा त्यांना गावोगावच्या माळ्यांवर सापडला. मराठ्यांचा इतिहास घराघरांतून गोळा करावा लागला, याचे श्रेय काही अंशी या एका वाक्याला दिले पाहिजे.

छत्तीसगडात देवस्थानांना व विद्वानांना अशी इनामे मिळाली. रायपूरच्या दूधाधारी मठाचे वैभव भोसल्यांच्या आश्रयाशी जोडले जाते. ज्या घराण्याच्या दप्तरात असे पत्र आहे त्याने ‘भोसल्यांनी दिले’ म्हणावे हे रास्तच. बहुसंख्य दप्तरांत मात्र अशी सनद नसते. असतो तो वसुलीचा ठराव. अमुक गावचा अमुक ऐन वसूल अमुक हप्त्यांनी भरावा, एवढाच त्याचा मजकूर. त्यात तरु नाहीत, तृण नाही, निधिनिक्षेप नाहीत. पुत्रपौत्र तर मुळीच नाहीत. ठराव वर्षाचा, फार तर थोड्या वर्षांचा. दुसऱ्याने जास्त रक्कम कबूल केली तर गाव त्याच्याकडे जाई. देशावरच्या अर्थाने वतन असे छत्तीसगडच्या गावात नव्हते, आणि भोसल्यांनी ते निर्माणही केले नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की शेतही कोणाचे कायमचे नव्हते. या प्रदेशात ‘लाखाबाटा’ नावाची चाल होती. गावची जमीन नांगरांच्या हिशेबाने वाटली जाई. जमिनीचे प्रकार चार: काळी कन्हार, पिवळसर मटासी, दोहोंच्या मधली डोरसा, आणि मुरमाड भाठा. प्रत्येक नांगराला प्रत्येक प्रकारातला तुकडा मिळे, म्हणजे चांगल्या-वाईटाचा वाटा सर्वांना सारखा. काही वर्षांनी, किंवा नवे नांगर गावात आले म्हणजे, किंवा तक्रारी फार वाढल्या म्हणजे, सगळे पुन्हा एकत्र करून नव्याने वाटायचे. जमीन मुबलक आणि माणसे थोडी होती. नाराज शेतकरी बैल घेऊन पलीकडच्या गावी जाई आणि तेथला गौंटिया त्याला बियाणे देऊन ठेवून घेई. अशा व्यवस्थेत खरेदीखत कशाचे करणार? अमेरिकेत ओक हलत नसे आणि माणसे हलत. येथे शेतच माणसांमधून फिरत होते. म्हणून १८५४ पूर्वीच्या छत्तीसगडी शेतकऱ्याच्या घराण्याचा जमिनीचा कागद शोधणे व्यर्थ आहे. तो हरवलेला नाही. तो कधी नव्हताच.

तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. मध्यप्रांत १८६१ मध्ये बनला, आणि पुढच्या वर्षी चीफ कमिशनर म्हणून आलेल्या रिचर्ड टेंपल याच्या कारकिर्दीत बंदोबस्ताचे काम जोराने चालले. अमेरिकेत याच १८६२ साली मे महिन्यात वसाहतदाराला पाच वर्षांच्या वहिवाटीवर १६० एकर देणारा कायदा झाला. दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांची श्रद्धा एकच होती: जमिनीला नावाचा मालक लाभला की मुलूख सुधारतो. अमेरिकेत त्यांनी कसणाऱ्याला मालक केले. मध्यप्रांतात त्यांनी भरणा करणाऱ्याला मालक केले.

हे शब्दाच्याच आधाराने पाहता येते. ‘मालगुजार’ याचा अर्थ महसूल भरणारा. तो सरकारचा देणेकरी आहे, एवढेच हा शब्द सांगतो. १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने या देणेकऱ्याला गावाचा स्वामी ठरवले, आणि नाव मात्र तेच ठेवले. रायपूर जिल्ह्याचा बंदोबस्त जे. एफ. के. ह्युइट याने केला. त्याचा अहवाल १८६९ चा. (हाच गृहस्थ पुढे प्रागैतिहासिक वंश आणि मिथके यांवर जाडजूड ग्रंथ लिहिता झाला, गावांच्या मुळाचा शोध घेण्याची सवय त्याला बहुधा येथेच लागली असावी.) लाखाबाट्याचे वर्णन ह्युइटने केले, आणि त्याच्याच बंदोबस्ताने लाखाबाटा मरणपंथाला लागला. कारण मोजणीच्या दिवशी ज्याच्या नांगराखाली जो तुकडा होता तो त्याच्या नावे खसऱ्यात चढला. दर काही वर्षांनी फिरणारे शेत त्या दिवशी जागच्या जागी थांबले.

गाव कोणाच्या नावे करावे, याची चौकशी झाली. कोणाकडे वहिवाट किती वर्षे, कोणी विहीर किंवा तलाव बांधला, कोणी ओसाड गाव वसवले, हे प्रश्न विचारले गेले. गौंटिये आले. परगण्याच्या कचेरीत काम केलेल्या मराठी कुटुंबांतील माणसे आली, ज्यांनी मध्यंतरी गावांचे ठराव घेतले होते. सावकार आले. ज्याच्यापाशी कागद होता त्याचे पारडे जड झाले, आणि कागद वाचता-लिहिता येणाऱ्याच्याच घरी असणार हे उघड आहे. वर्षाच्या वसुलीचा जुना मोडी ठराव येथे निराळेच काम करू लागला. त्याने पूर्वी वर्षाचा हक्क दिला होता. आता तो कायमच्या स्वामित्वाचा पुरावा झाला. ‘आमचे गाव भोसल्यांनी दिलेले’ हे वाक्य जन्मले ते बहुतेक या चौकशीच्या फडात. भोसल्यांनी दिली होती ती वसुली. गाव दिले ते टेंपलच्या सरकारने. आणि वतनाची कल्पना मनात घेऊन आलेल्या कुटुंबाला हा फरक जाणवण्याचे कारणही नव्हते, कारण जे मिळाले ते त्याच्या मनातल्या वतनासारखेच होते.

यानंतरच्या दप्तरांतून घराण्याचा इतिहास खरोखरच वाचता येतो, आणि तो आण्यांत लिहिलेला असतो. पूर्ण गाव म्हणजे सोळा आणे. दोन भाऊ वेगळे झाले की आठ-आठ आणे. त्यांतील एकाला तीन मुलगे असतील तर प्रत्येकी दोन आणे आठ पाया. पुढे पाईचेही भाग पडतात, आणि ज्याच्या वाट्याला ते आले त्याला गावातून वर्षाकाठी काय मिळत असेल याची कल्पना करता येते. हिस्सेदार पुष्कळ, म्हणून सरकारशी व्यवहार करण्यासाठी त्यांच्यातून एक लंबरदार. लंबरदारी कोणाकडे यावरून सख्ख्या भावांत वैर. हिस्सा मोजला की पिढ्या मोजता येतात. अपूर्णांकाचा छेद पाहून किती भाऊ झाले हे सांगता येते. मूल न होता वारलेल्या भावाचे आणे दुसऱ्या शाखेत गेलेले दिसतात, आणि त्याच सुमारास दत्तकपत्र निघते, कारण विधवेने आणे हातचे जाऊ नयेत म्हणून दीराच्या मुलाऐवजी माहेरच्या नात्यातला मुलगा मांडीवर घेतलेला असतो. मग दावा. विधवा दप्तरात येते ती अशीच, दाव्याच्या निमित्ताने. मुलगी तर भाऊ नसेल तरच. मुलीला वारसाहक्क देणारा कायदा १९५६ मध्ये झाला, तेव्हा सोळा आण्यांचे गाव संपून पाच वर्षे झाली होती. त्यामुळे मालगुजारीच्या हिशेबावरून काढलेल्या वंशावळी बव्हंशी पुरुषांच्याच निघतात, आणि त्यांचे छेद अचूक असले तरी कुटुंब अर्धेच असते.

त्या अर्ध्या कुटुंबाबाहेर, आणि दप्तराबाहेर, जे होते त्याची एक नोंद साहित्यात झाली. ती एका मराठीभाषक लेखकाने हिंदीत केली, ही गोष्ट महाराष्ट्रात अजूनही पुरेशी ज्ञात नाही. माधवराव सप्रे हे दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ मध्ये जन्मले. पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. पेंड्रा या जमीनदारीच्या ठिकाणी राजकुमाराचे शिक्षक असताना त्यांनी वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्या साह्याने १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. तिघेही मराठी. त्या मासिकात १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची छोटीशी कथा आली. हिंदीतील पहिली कथा म्हणून अनेक समीक्षक तिचा मान सांगतात. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे आहे आणि शेजारच्या विधवेची झोपडी आड येते. वकिलांचे हात ओले करून तो अदालतीतून झोपडीचा ताबा मिळवतो. विधवा येऊन चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि ती टोपली उचलून डोक्यावर ठेवायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलवत नाही. एवढी माती पेलत नाही तर बाकीच्या सगळ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, या तिच्या प्रश्नाने तो वरमतो आणि झोपडी परत करतो.

कथेचा शेवट बोधकथेचा आहे आणि आजच्या वाचकाला तो सोपा वाटेल. हृदयपरिवर्तनाचा तो सोपेपणा त्या काळच्या मासिकांच्या वळणाचाच होता. परंतु सप्र्यांची नजर नेमकी कोठे पडली ते महत्त्वाचे आहे. जमीनदार झोपडी लाठीने घेत नाही, कागदाने घेतो. विधवेपाशी कागद नाही. तिच्यापाशी त्या घरात गेलेली माणसे आहेत आणि चूल आहे. कायद्याच्या भाषेत ज्याला वहिवाट म्हणतात ती तिची आहे आणि ती सिद्ध करण्याची भाषा तिला येत नाही. जमीनदारीच्या आश्रयाने शिक्षकी करणाऱ्या, आणि कागदपत्रांच्या जोरावर या मुलखात रुजलेल्या समाजातून आलेल्या लेखकाने हे लिहिले, म्हणून त्या कथेला तिच्या कलागुणांपेक्षा मोठे वजन आहे.

कथा आली त्याच्या आगेमागे छत्तीसगडात काय घडत होते हे ध्यानात घेतले म्हणजे तो सोपा शेवट अधिकच दूरचा वाटतो. रेल्वे १८८८ मध्ये रायपूरला पोहोचली, तांदूळ बाहेर जाऊ लागला, जमिनीला किंमत आली. आणि स्वामित्वाचा कागद होता म्हणून ती गहाण टाकता येऊ लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत पुष्कळ गावे सावकारांकडे गेली. ज्या गौंटियांना १८६० च्या दशकात स्वामी करण्यात आले होते, त्यांच्यातील गोंड, सतनामी आणि इतर लहान घराणी आधी गेली. वर्षाचा ठराव असता तर गाव एका वर्षी हातचे जाऊन दुसऱ्या वर्षी परत येण्याची शक्यता होती. कायमचा हक्क कायमचा गेला. काही मराठी कुटुंबांचे आणे याच काळात वाढले, काहींचे संपले.

लाखाबाट्याने मागे ठेवलेला एक प्रश्न मात्र सरकारच्याच डोक्यावर येऊन बसला. न्याय व्हावा म्हणून प्रत्येकाला चारही प्रकारच्या जमिनीत तुकडे दिलेले होते. फेरवाटप होत असे तोवर त्यात अर्थ होता. बंदोबस्ताने ते तुकडे जागच्या जागी गोठवले, वारसांनी ते आणखी फोडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छत्तीसगडातील शेतकऱ्याची शेती गावभर विखुरलेली, बांधांनी खाल्लेली अशी झाली. अखेर १९२८ मध्ये मध्यप्रांताने चकबंदीचा कायदा केला, तो मुख्यतः छत्तीसगडसाठी. गावच्या निम्म्या कायम धारकांनी मागणी केली आणि त्यांच्याकडे दोन-तृतीयांश क्षेत्र असले तर उरलेल्यांवर ती बंधनकारक. साठ वर्षांपूर्वी जी गोष्ट गाव आपल्या चालीने गुडीसमोर बसून करीत असे, ती आता कायद्याच्या कलमांनी आणि सरकारी अंमलदारांच्या हातून करावी लागली. फरक इतकाच की हे वाटप एकदाच व्हायचे होते.

मध्यप्रदेशने १९५० मध्ये स्वामित्वहक्क नाहीसे करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. घरची शेती आणि घरे मालगुजारांकडे राहिली. वने, पडीक, गावतलाव सरकारात जमा झाले. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत या तलावांना आज ‘मामा तलाव’ म्हणतात. नवख्याला ते कोणा मामाने बांधलेले वाटतात. तो ‘माजी मालगुजारी’चा संक्षेप आहे. ज्यांनी ते खणले त्या मजुरांचे नाव तलावाला आधीही नव्हते. आता खणवणाऱ्याचे नाव जाऊन त्याचे ‘माजी’पण तेवढे राहिले आहे.

आता छत्तीसगडात जमिनीचा उतारा संगणकावर मिळतो, आणि त्या व्यवस्थेला ‘भुइयां’ असे सुंदर छत्तीसगडी नाव दिलेले आहे. खसरा क्रमांक घातला की भूमिस्वामीचे नाव येते. घराण्याचा इतिहास शोधणारा तेथून मागे जाऊ लागला तर चकबंदीपर्यंत, मग बंदोबस्तापर्यंत जातो, आणि ह्युइटच्या काळाशी येऊन थांबतो. त्यापलीकडचे दप्तर मोडीत आहे. ते वाचणारे फार थोडे आहेत, आणि वाचले तरी त्यात शेत नाही.

त्या बंदोबस्तात तयार झालेला एक कागद मात्र घराण्यांचा नसून गावाचा होता. वाजिब-उल-अर्ज. गुरे कोठे चरावीत, निस्ताराचे लाकूड कोणत्या रानातून आणावे, तलावाचे पाणी कोणी कधी घ्यावे, मेलेले जनावर कोणाचे, वाट कोणत्या बांधावरून, असल्या चालीरीती त्यात गावकऱ्यांना विचारून लिहून घेतल्या. १९५९ च्या भू-राजस्व संहितेने तो निस्तार पत्रकाबरोबर चालू ठेवला. रायपूरच्या भोवतालची गावे शहरात आणि औद्योगिक क्षेत्रांत ओढली जात असताना एखादा तलाव बुजवला गेला, एखाद्या दैहानाला कुंपण पडले, की लोक पटवाऱ्याकडे जाऊन त्या कागदाची नक्कल मागतात. त्यावर कोणाचेही आणे लिहिलेले नसतात.